शिक्षा थांबली आहे, टळलेली नाही

वाशिम

चि. बापू,

तुझी माय परवा फोनवर सांगत होती की पोरगा सुटला, आता पोहरादेवीला जाऊन नारळ फोडायचा. नारळ जरूर फोडा, मीही येतो. पण बापू, तू सुटलेला नाहीस. न्यायाधीशांनी तुला दोषी धरलं आहे, फक्त शिक्षा सुनावायची थांबवली आहे. ती कशाच्या भरवशावर थांबवली, हे त्या दिवशी तुझ्या कानात शिरलं नसणार. बंधपत्रावर सही करताना कोणाचंच ध्यान कागदावर नसतं, सगळ्यांना घरी जायची घाई असते. म्हणून हे सावकाश लिहितो आहे. तूही सावकाश वाच.

तुझ्याजवळ सापडलेला गांजा किलोच्या आतला, म्हणजे कायद्याच्या हिशेबात अल्प मात्रा. त्याला अंमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात कलम २० खाली एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. इतर गुन्ह्यांत पहिल्यांदाच सापडलेल्या पोराला १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचा आधार असतो. चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर त्याला सोडता येतं. अंमली पदार्थांच्या गुन्ह्यात मात्र कलम ३३ आडवं येतं. आरोपी अठराच्या आतला असेल, किंवा गुन्हा नुसता सेवनाचा असेल, अशा मोजक्याच वेळी ती वाट उघडते. तुझं वय गेलेलं आणि गुन्हा जवळ बाळगल्याचा. तुझ्यासाठी उरलं होतं ते एकटं कलम ३९. व्यसनात अडकलेला माणूस असेल, माल अल्प असेल आणि तो स्वतः राजी असेल, तर लगेच तुरुंगात न घालता सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचाराला सोडता येतं. सोडलंच पाहिजे असं नाही. न्यायाधीशांनी सोडलं, कारण डॉक्टरांचा कागद होता आणि तुझी माय दर पेशीला मागच्या बाकावर बसून होती, असं मला वाटतं.

आता तू काय लिहून दिलंस ते ऐक. ठरवून दिलेल्या मुदतीत, जी एक वर्षाहून जास्त असू शकत नाही, कोर्टात हजर होऊन उपचाराचा निकाल काय लागला त्याचा अहवाल द्यायचा. तोवर या कायद्याखालचा कुठलाही गुन्हा करायचा नाही. अहवाल पाहून कोर्टाचं समाधान झालं तर समज देऊन पुन्हा एक बंधपत्र घेतील, तेही तीन वर्षांपर्यंतचं असू शकतं. त्यात चुकलास तर शिक्षा ऐकायला बोलावणं येतं. त्या वेळी जुन्या खटल्याचा साक्षीपुरावा पुन्हा होत नाही. पंच खोटे होते, पुडी माझी नव्हती, हे सांगायचे दिवस गेले. दोषी तू ठरलेलाच आहेस, राहिली आहे ती फक्त शिक्षा.

कारंज्याचा तुझा मित्र म्हणतो ना, पन्नास रुपये भरले की भागतं? त्यानं कुठून ऐकलं ते मला माहीत आहे. त्याचा गुन्हा सेवनाचा, म्हणून त्याला १९५८ च्या कायद्याखाली परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीवर सोडलं. त्या कायद्याच्या कलम ९ मध्ये पन्नास रुपयांचा उल्लेख आहे खरा. अट मोडल्याचा अधिकाऱ्याचा अहवाल आला, किंवा कोर्टाला दुसरीकडून कळलं, तर कोर्ट वॉरंट काढतं किंवा आरोपी आणि जामीनदार या दोघांना समन्स पाठवतं. हजर झाल्यावर कोठडीतही ठेवता येतं. मग म्हणणं ऐकून मूळ गुन्ह्याची शिक्षा देता येते. चूक पहिलीच असेल तर त्याऐवजी बंधपत्र कायम ठेवून पन्नास रुपयांपर्यंत दंड करता येतो. यातलं काय करायचं हे कोर्ट ठरवतं, आपण नाही. तो दंड मुदतीत भरला नाही तरी मूळ शिक्षा आहेच. आणि तुझ्या कलम ३९ मध्ये ही पन्नास रुपयांची सोय लिहिलेलीच नाही. त्याच्या हिशेबावर तू चालू नकोस.

पुन्हा माल सापडला तर दोन गोष्टी एकदम होतील. इकडे जुनी शिक्षा उघडेल, तिकडे नवा गुन्हा दाखल होईल. नव्या गुन्ह्यात दोषी ठरलास तर अंमली पदार्थांच्या कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे कमाल मुदत दीडपट होते, म्हणजे एका वर्षाची दीड वर्षं. माल किलोच्या वर गेला तर पहिल्या वेळीच दहा वर्षांपर्यंतची सक्तमजुरी आहे. आपल्या भागात तुरीच्या तासांत दोन झाडं लावायची बुद्धी काहींना होते. लागवडीला अल्प मात्रेची सवलत नाही, तिथेही दहा वर्षांपर्यंतच. तुझ्या वावरात दुसऱ्या कोणी लावली असतील तरी पहिलं बोट तुझ्याकडे जाईल, म्हणून धुऱ्यावरून फिरताना डोळे उघडे ठेव.

अहवालाचं नीट समज. तो सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेचाच हवा. व्यसन सोडवणाऱ्या बाबाची पुडी, कुठल्या तरी शिबिराचं प्रमाणपत्र, यानं कोर्टात भागत नाही. प्रत्येक भेटीचा केस पेपर, औषधाची चिठ्ठी, सुट्टीचं कार्ड एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये तारखेप्रमाणे लाव. झेरॉक्सचा एक संच मायजवळ ठेव, एक मला दे. सोयाबीन काढणीला आलं म्हणून भेट चुकली, असं होऊ देऊ नकोस. चुकलीच तर दुसऱ्या दिवशी जाऊन तशी नोंद करून घे. पुण्याला कंपनीत जायचं तुझ्या मनात आहे, हेही मला कळलं. जा, पण वकिलामार्फत कोर्टाला अर्ज देऊन, नवा पत्ता देऊन आणि तिथे उपचार कुठे चालू राहणार ते सांगून. पुण्यातच मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. १९८६ साली डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी ते सुरू केलं, तेव्हापासून तिथून किती तरी घरांना आपला माणूस परत मिळाला आहे. न सांगता गेलास आणि समन्स गावातल्या कुलपाला लागून परत आलं, तर तू पळालास असाच त्याचा अर्थ होईल.

तुझ्या मोठ्या बाबांनी सातबारा दाखवून तुझी जामीनदारी घेतली आहे. बंधपत्र जप्त झालं तर नोटीस त्यांनाही निघेल: रक्कम भरा, नाही तर का भरू नये ते सांगा. या वयात त्यांनी तुझ्यामुळे कोर्टाच्या पायऱ्या चढाव्यात का?

पोलीस भरतीचा अर्ज भरशील तेव्हा गुन्ह्याच्या रकान्यात खरं लिही. चारित्र्य पडताळणीत सगळं निघतंच, आणि लपवल्याचा डाग मूळ गुन्ह्यापेक्षा जड पडतो.

तू म्हणालास की मोठ्यांची पोरं सुटतात, आपणच अडकतो. हा राग मला समजतो. पण एक प्रकरण नीट पाहा. अभिनेता फरदीन खान २००१ मध्ये मुंबईत कोकेनच्या प्रकरणात पकडला गेला. त्यानं केईएम रुग्णालयात उपचार घेतले, आणि २०१२ मध्ये विशेष न्यायालयानं त्याला कलम ६४अ खाली खटल्यापासून संरक्षण दिलं. ते कलम आपल्या मालेगाव, रिसोडच्या पोरांनाही लागू आहे: आरोप ठेवल्यावर स्वतःहून उपचाराला गेलं आणि उपचार पूर्ण केले, तर अल्प मात्रेच्या गुन्ह्यात खटलाच चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर ते संरक्षण काढून घेता येतं. आपल्याकडे हे वेळेवर कोणी सांगत नाही, याची मला खरी चीड आहे. पैसा नसला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण वकील फुकट देतं, अटकेतल्या माणसाला तर उत्पन्नाची अटही नाही. तुझ्या बाबतीत ६४अ ची वेळ निघून गेली. तुझ्या दोस्तांपैकी कोणावर गुन्हा दाखल असेल तर त्याला हे आजच सांग.

आता शेवटचं, आणि सगळ्यांत महत्त्वाचं. कधी तरी तलफ येईल, कदाचित तोल जाईल. सेवन हासुद्धा गुन्हाच आहे, त्यामुळे अट मोडली असंच धरलं जाऊ शकतं. मी तुला खोटा धीर देणार नाही. तरी पोरगा घसरला आणि दोन दिवसांत आपल्या पायांनी दवाखान्यात आला, असं डॉक्टरनं लिहिलेलं असणं वेगळं, आणि पोलिसांनी त्याला नाक्यावर पुडीसकट धरलं, असं पंचनाम्यात असणं वेगळं. पहिल्या कागदावर मी तुझ्यासाठी उभा राहून बोलू शकतो. दुसऱ्यावर माझ्याजवळ फारसं काही उरत नाही. तलफ आली की १४४४६ ला फोन कर, तो शासनाचा फुकट क्रमांक आहे. घसरलास तर त्याच रात्री मला फोन कर, कितीही वाजले असले तरी. मी ओरडणार नाही, गाडी घेऊन येईन आणि सकाळी आपण दवाखान्यात जाऊ.

तुझा
मामा