न बोललेला दोष

खोटे बोलू नये, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असते. पण आपल्याला ठाऊक असलेले खरे, समोरच्याने न विचारता, आपण होऊन सांगितले पाहिजे काय? येथे भल्याभल्यांची जीभ अडखळते. खोटे न बोलताही माणसाला फसवता येते, आणि तसे फसवून पुन्हा ‘मी कुठे खोटे बोललो?’ असे म्हणायला तोंड मोकळे राहते.

हा प्रश्न जुनाच आहे, पण हल्ली तो घराघरांत आला आहे. पूर्वी जुनी वस्तू विकायची तर ती बाजारात न्यावी लागे. गिऱ्हाईक ती हातात घेई, उलटीपालटी करी, चार खोडी काढी, मग घासाघीस होई. आता मोबाईलवर फोटो टाकला की शंभर कोसांवरचा माणूस पैसे पाठवतो आणि वस्तू पार्सलाने जाते. सोय झाली खरी. पण हात लावून पाहणे गेले, आणि त्याबरोबर गिऱ्हाइकाची अर्धी अक्कलही गेली.

एक उदाहरण घेऊ, म्हणजे बोलणे हवेत राहणार नाही. समजा, एका माळकरी गृहस्थाचा मुलगा शाळेच्या संघातून क्रिकेट खेळत होता. पुढे बारावीचा अभ्यास आला, खेळ सुटला, सामान माळ्यावर गेले. बॅट, पॅड, ग्लोव्हज, हेल्मेट. गृहस्थ म्हणाले, धूळ खात पडण्यापेक्षा कुणाच्या उपयोगी पडेल. विचार उत्तम. त्यांनी फोटो काढले, खाली लिहिले, ‘वापरलेले सामान, फोटोत दिसते तसे.’ आता त्या बॅटच्या टोकाला चीर गेलेली आहे. डिंक भरून वर पारदर्शक पट्टी चिकटवली आहे, म्हणून फोटोत ती दिसत नाही. हेल्मेटावर एकदा जोराचा चेंडू बसलेला आहे. आणि विकत घेणारा कोण? तालुक्याच्या गावचा एक बाप. त्याचा पोरगा नुकताच खेळू लागला आहे. बापाने जन्मात बॅट धरलेली नाही. तो एकच विचारतो, ‘दादा, पैसे कसे पाठवू?’

लिहिलेल्यात एक अक्षर खोटे नाही. तरी काहीतरी सलते आहे. काय सलते, ते पाहू.

बॅट ही दिसायला फळी, पण मोठी नाजूक वस्तू आहे. विलोचे लाकूड मऊ असते. म्हणून नव्या बॅटला जवसाचे तेल पाजतात, लाकडी हातोडीने पुष्कळ वेळ ठोकून तिचे अंग घट्ट करतात, मग ती सीझन बॉलचा मार सोसते. वेताची मूठ पात्यात पाचरीसारखी बसवलेली असते. तो सांधा ढिला झाला की फटका मारताच हाताला झिणझिण्या येतात. इंग्लिश विलो आणि काश्मिरी विलो यांच्या किमतीत मोठे अंतर. स्टिकर बदलला तर नवख्याला दोन्ही सारखीच. जाणता मात्र बॅट हातात घेऊन बोटाने, चेंडूने टकटक करतो आणि आवाज ऐकतो. चिरलेल्या बॅटचा आवाज फुटका येतो.

गोरोबाकाकांची गोष्ट आपण कीर्तनात किती वेळा ऐकली! मडके कच्चे की भाजलेले, हे कुंभार थापटणे मारून ओळखतो, आणि काकांनी जमलेल्या संतमंडळींच्या डोक्यावरही ते मारून पाहिले. नामदेवरायांना राग आला, तेव्हा मडके कच्चे ठरले. आपण त्या गोष्टीतून अहंकाराचा अर्थ घेतो, तो बरोबरच आहे. पण त्यात एक साधा व्यवहारही आहे. पारख करायला हात पोचावा लागतो. फोटोवर थापटणे चालत नाही, आणि त्या तालुक्याच्या बापाजवळ तर थापटणेच नाही. ते आहे विकणाऱ्याजवळ.

कोणी म्हणेल, ‘अहो, गिऱ्हाइकाने सावध असावे हा तर बाजाराचा नियम. त्याने विचारले असते तर मी सांगितले असते.’ हे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही, कारण कायदाही काहीसे असेच म्हणतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात फसवणुकीचे सतरावे कलम आहे. त्याखाली घोड्याचे उदाहरण दिले आहे. एक जण लिलावात घोडा विकतो. घोड्यात खोड आहे हे त्याला ठाऊक आहे, पण तो गप्प बसतो. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. ‘झाले तर मग!’ असे म्हणून पुष्कळ लोक इथेच पुस्तक मिटतात. पण पुढची दोन उदाहरणे वाचावीत. घेणारा जर म्हणाला की, ‘तुम्ही नाही म्हटले नाही तर मी घोडा धडधाकट समजेन,’ आणि विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणे बोलण्यासारखेच धरावे. आणि मधले उदाहरण तर फारच मार्मिक आहे. घेणारी त्या विकणाऱ्याची मुलगी असेल, नुकतीच वयात आलेली असेल, तर मात्र घोड्याची खोड सांगणे हे बापाचे कर्तव्य ठरते.

घोडा तोच, खोड तीच, विकणाराही तोच. बदलले ते फक्त नाते. परक्याशी गप्प राहिलेले चालते, आपल्या माणसाशी चालत नाही. म्हणजे सगळा प्रश्न एवढाच उरतो की हा घेणारा परका की आपला? वारकऱ्याने तर याचे उत्तर आधीच देऊन ठेवले आहे. वाटेने चालताना ज्याचे नाव-गाव ठाऊक नाही त्यालाही आपण ‘माउली’ म्हणतो, पाया पडतो, तोही पडतो. आणि त्याच तोंडाने मोबाईलवर ‘रामकृष्णहरी माउली, पैसे या नंबरावर पाठवा’ असे लिहून चिरेबद्दल गप्प राहायचे! समोरच्याने गळ्यातली तुळशीची माळ फोटोत पाहिली असेल, आणि तिच्याच भरवशावर त्याने काही विचारले नसेल, हेही ध्यानात घ्यावे. त्याचे न विचारणे म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, तो विश्वास आहे.

हेल्मेटाची गोष्ट तर निराळीच. बॅट मोडली तर पैसे गेले. हेल्मेटाच्या आतला थर मार लागला की दबून जातो आणि पुढच्या वेळी तितका मार सोसत नाही. वरून पाहता पुष्कळदा काहीच दिसत नाही. २०१४ च्या नोव्हेंबरात सिडनीच्या मैदानावर ऑस्ट्रेलियाचा फलंदाज फिलिप ह्यूज याच्या मानेवर, हेल्मेटाखाली उघड्या राहिलेल्या जागी, चेंडू बसला. दोन दिवसांनी तो गेला. त्यानंतर मानेचे रक्षण करणारी जोड हेल्मेटाला लावण्याची पद्धत वाढली. त्याआधीच्या जुन्या हेल्मेटाला ती नसते. तेव्हा जोराचा मार खाल्लेले हेल्मेट किंमत कमी करून विकणे, दोष सांगून विकणे, हे दोन्ही माझ्या मते गैर. नवख्या बापाला तो दोष सांगितला तरी त्याचे गांभीर्य कळणार नाही, तो म्हणेल, ‘चालतंय की, पोराला काय कळतंय!’ ते मोडून भंगारात टाकावे.

मग काय प्रत्येक ओरखडा सांगत बसायचे? नाही. जे फोटोत दिसते ते दिसतेच आहे. घासाघीस करू नये, दोन पैसे मिळवू नयेत, असेही कोणी म्हणत नाही. तुकोबाराय वाणीच होते, दुकान चालवणे हे पाप असते तर त्यांनी ते केलेच नसते. घेणारा जुन्या सामानाचा दुकानदार असेल तर तो आपल्यापेक्षा चार बॅटी जास्त पाहून आलेला असतो, त्याच्यापाशी फार पाल्हाळ लावण्याचे कारण नाही. जे आपल्यालाच ठाऊक नाही, त्यासाठी ‘मला माहीत नाही’ एवढे म्हणणे पुरे.

एक गोष्ट मात्र अवघड आहे. कधी दोष वस्तूत नसतोच, जोडीत असतो. त्या बापाचा पोरगा दहा वर्षांचा, आणि बॅट मोठ्या माणसाच्या मापाची. बाप म्हणतो, ‘राहू दे, वाढत्या अंगाचा आहे.’ कपड्याला हे चालते, बॅटला नाही. जड बॅटने पोराचा हात वाकडा वळतो आणि तीच सवय लागते. इथे सौदा मोडण्याचा धोका पत्करूनही सांगावे, असे मला वाटते. पोराची उंची विचारायला कितीसा वेळ लागतो? इतर मंडळींचे मत निराळे असू शकेल.

आता ती चिरलेली बॅट उरली. तिला गिऱ्हाईक नाही असे समजू नये. सीझन बॉलला ती टिकणार नाही, पण गल्लीत टेनिस बॉलने खेळणारी पोरे तिच्यावर दोन उन्हाळे सहज काढतील. तेव्हा चिरेचा फोटो जवळून काढावा, वरची पट्टी सोलून काढावा, आणि खाली लिहावे, ‘टोकाला चीर आहे, डिंक भरला आहे. टेनिस बॉलला चालेल, सीझन बॉलला घेऊ नका.’ किंमत थोडी खाली येईल, इतकेच.