कुस्ती नेमलेली, निकाल नव्हे

माहितीपटावरच्या कोणत्याही परिसंवादात हल्ली एक वाक्य हमखास कानावर येतं: "शेवटी सगळंच रचलेलं असतं." बोलणारा बहुधा अभ्यासू असतो. कॅमेरा कुठे ठेवायचा हे कुणीतरी ठरवतं, तो कधी बंद करायचा हेही कुणीतरी ठरवतं, संकलनाच्या टेबलावर बहुतेक चित्रण टाकून दिलं जातं. तेव्हा माहितीपट आणि कथापट हा भेद भोळ्याभाबड्यांनी जपलेला आहे, असं तो सांगतो. सभागृहात माना डोलतात. मग ओटीटीवरच्या गुन्हेमालिकांत खून झालेल्या बाईच्या जागी नटी उभी करून पावसातला रस्ता दाखवला तरी कुणी हरकत घ्यायची नाही. घेतली तर आपण मागासलेले.

हा युक्तिवाद निम्मा खरा आहे आणि तीच त्याची खरी पंचाईत आहे. पूर्ण खोटा असता तर एव्हाना कुणीतरी तो मोडून काढला असता.

त्याच्या विरोधात उभे राहणारे शुद्धतावादी तर आणखी कच्चे. कॅमेरा म्हणजे भिंतीवरची माशी, तिने फक्त पाहावं, असं त्यांचं म्हणणं. खोलीत चार माणसं, दिवे आणि माईक घेऊन शिरणारी माशी मी तरी पाहिलेली नाही. त्यांना इथेच सोडू.

आपल्याकडच्या अगदी पहिल्या चित्रफितींपैकी एक मराठी माणसाची आहे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावे दादा, व्यवसायाने छायाचित्रकार. १८९६ साली ल्युमिएर बंधूंची चलचित्रं मुंबईत आली, ती पाहून त्यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवला. १८९९ साली त्यांनी हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी या दोन पैलवानांची कुस्ती लावली आणि ती चित्रित केली. फीत धुवायला लंडनला पाठवली. कुस्ती कॅमेऱ्यासाठीच लावलेली होती. म्हणजे आपल्या माहितीपटाचं बारसंच मुळी घडवून आणलेल्या प्रसंगाने झालं. 'सगळंच रचलेलं' म्हणणाऱ्यांना याहून चांगला पुरावा कुठला मिळणार?

पण कोल्हापूर-सांगलीकडची मैदानं पाहिलेल्या कुणालाही विचारा. तिथली प्रत्येक मोठी कुस्ती नेमलेलीच असते. जोड कुणी लावली, इनाम किती, पहिल्या नंबरची कोणती, सगळं आधी ठरतं आणि पत्रकावर छापून गावोगाव जातं. म्हणून तिला कुणी खोटी म्हणत नाही. खोटी म्हणतात ती नुरा कुस्तीला, जिच्यात कुणी चीत व्हायचं हे हलगी वाजायच्या आधीच ठरलेलं असतं. डाव तेच, माती तीच, घामही खराच. फक्त निकाल बाहेरून आणलेला. सावे दादांनीच पुढे १९०१ साली रँग्लर परांजपे यांचं मुंबईतलं स्वागत चित्रित केलं. तो समारंभ काही कॅमेऱ्यासाठी भरवलेला नव्हता, पण सत्कारात सत्कारमूर्ती हरल्याचं कुणी ऐकलं आहे का? दोन चित्रफितींपैकी अनपेक्षित घडायला जास्त वाव कोणत्या प्रसंगात होता, हे ज्याचं त्याने ठरवावं.

माझा भेद एवढाच आहे: प्रसंग योजणं वेगळं आणि निकाल ठरवणं वेगळं. माहितीपट प्रसंग योजू शकतो, माणसांना एकत्र बसवू शकतो, प्रश्न विचारू शकतो, क्वचित जुनी गोष्ट पुन्हा करूनही दाखवू शकतो. पण समोरच्या माणसाला, जनावराला, यंत्राला, हवामानाला दिग्दर्शकाचा बेत उधळून लावायची मुभा तिथे असली पाहिजे. ती मुभा गेली की उरतं ते कथापटाचं काम. ते सन्मानाचं काम आहे, त्याचं नाव मात्र वेगळं.

'सगळंच रचलेलं' पंथाचा लाडका दाखला म्हणजे रॉबर्ट फ्लॅहर्टीचा 'नानूक ऑफ द नॉर्थ', १९२२ सालचा. नानूकचं खरं नाव अलाकारियालाक होतं, पडद्यावरची बायको त्याची बायको नव्हती, आत उजेड मिळावा म्हणून बर्फाचं घर अर्धं उघडं ठेवलं होतं, आणि ज्या काळात तिथले लोक बंदुकीने शिकार करत होते त्या काळात त्यांच्या हाती भाले दिले होते. ही यादी वाचून दाखवली की वाद संपला, असं समजलं जातं. माझ्या मते वाद तिथे सुरू होतो, कारण यादीतल्या गोष्टी एका जातीच्या नाहीत.

वॉलरसच्या शिकारीचा प्रसंग घ्या. भाल्यांनी शिकार करा, ही फ्लॅहर्टीची मागणी. म्हणजे प्रसंग नेमलेला. पण भाला घुसल्यावर ते धूड पाण्याकडे ओढू लागतं, दोरीला लोंबकळलेली माणसं किनाऱ्यावरून घसरत जातात, आणि तिथे कुणाच्याही हातात काही राहत नाही. त्या माणसांनी बंदूक चालवा म्हणून हाका मारल्या आणि आपण न ऐकल्याचं सोंग करून कॅमेऱ्याची मूठ फिरवत राहिलो, असं फ्लॅहर्टीनेच सांगितलं आहे. माणूस म्हणून हे वागणं मला निर्घृण वाटतं. पण वॉलरसला पटकथा कुणी वाचून दाखवली नव्हती.

आता त्याच चित्रपटातला ग्रामोफोनचा प्रसंग पाहा. व्यापाऱ्याच्या ठाण्यावर नानूक ते यंत्र पाहून हसतो, तबकडी हातात घेतो आणि दातांनी चावून बघतो. चित्रण साधं, माणूस खरा, ग्रामोफोनही खरा. पण त्या माणसाला ग्रामोफोन नवा नव्हता. आणि प्रसंगाचं उत्तर, म्हणजे 'किती हा निरागस रानटी', प्रेक्षकाला द्यायचं म्हणून आधीच बांधून ठेवलेलं. तो चावला नसता तर पुन्हा चावायला लावला असता. ही नुरा कुस्ती. एकाच माणसाने, एकाच चित्रपटात, त्याच कॅमेऱ्याने दोन्ही केलं आणि आपण शंभर वर्षं दोन्हींना एकच शिक्का मारत आलो.

पंथाची पुढची तटबंदी तात्त्विक असते. निवड हीच रचना, आणि रचना हीच कल्पना, असं ते म्हणतात. पहिला भाग मान्य. दुसऱ्या भागात एक उडी आहे आणि ती कुणाच्या लक्षात येऊ नये इतक्या सफाईने मारली जाते. मी दहा माणसांशी बोलून तिघांचं बोलणं ठेवलं, तर माझ्यावर पक्षपाताचा आरोप होऊ शकतो. त्या तिघांची वाक्यं मी लिहिली, असं त्यातून निघत नाही. उलट पक्षपाताचा आरोप करता येतो तोच मुळी टाकून दिलेले सातजण खरोखर होते म्हणून. कथापटाच्या दिग्दर्शकावर असा आरोप कधी कुणी केला आहे?

एरल मॉरिसचा 'द थिन ब्लू लाइन' (१९८८) या पंथाने आपल्या बाजूला ओढलेला आहे, म्हणून त्याच्यावर जरा रेंगाळतो. १९७६ साली डॅलसमध्ये एका पोलिसाचा खून झाला आणि रँडल डेल ॲडम्सला मृत्युदंड सुनावला गेला; तो पुढे जन्मठेपेवर आला. मॉरिसने खुनाचा प्रसंग नट घेऊन पुन्हा पुन्हा उभा केला: संथ गतीत उडणारा मिल्कशेकचा पेला, गाडीचे दिवे, मागे फिलिप ग्लासचं संगीत. कथापटालाही लाजवेल असा थाट. पण नीट पाहा. दर वेळी एकेका साक्षीदाराच्या जबानीप्रमाणे प्रसंग बदलतो, आणि 'खरं असं घडलं' म्हणून एकही चित्र मॉरिस देत नाही. ती दृश्यं पुरावा नाहीत. जबान्या एकमेकींशी कशा जुळत नाहीत, ते दाखवण्याची ती सोय आहे. शिवाय मॉरिस टेक्ससला गेला तो वेगळ्याच कामासाठी, आरोपींना धोकादायक ठरवणाऱ्या एका सरकारी मर्जीतल्या मानसोपचारतज्ज्ञावर चित्रपट करायला. ॲडम्स भेटला आणि बेत मोडला. शेवटची कळीची मुलाखत ठरली त्या दिवशी कॅमेराच बिघडला. मुख्य साक्षीदार डेव्हिड हॅरिस जवळजवळ कबुली देतो तेव्हा पडद्यावर दिसतो तो फक्त एक छोटा टेपरेकॉर्डर. १९८९ साली ॲडम्स सुटला. सगळंच कल्पित असेल तर तुरुंगाचा दरवाजा नेमका कशाने उघडला, हे त्या परिसंवादातल्या वक्त्याने एकदा मला सांगावं.

घडवलेल्या प्रसंगातूनही तथ्यांपलीकडचं सत्य गाठता येतं, हे दिग्दर्शक वेर्नर हर्झोगचं 'उन्मनी सत्य' मी वाचलं आहे. ते हर्झोगच्या हातात शोभतं, इतरांच्या हातात ती फक्त सवलत होते.

माझ्या मोजपट्टीलाही त्रास होतोच. फ्रेडरिक वाइजमनच्या 'टिटिकट फॉलीज'मध्ये (१९६७) निवेदन नाही, मुलाखत नाही, नेमलेला प्रसंग नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या मनोरुग्ण कैद्यांच्या इस्पितळात एका माणसाला नाकातून नळी घालून बळजबरीने अन्न दिलं जातं. डॉक्टरच्या ओठांतल्या सिगारेटची राख नळीच्या नरसाळ्यावर लोंबते आहे. त्याच्या मधोमध वाइजमन त्याच माणसाच्या प्रेताची तयारी जोडतो. जिवंतपणी मिळाली नाही ती काळजी मेल्यावर मिळते, असा निवाडा त्या जोडणीने आपल्या हातात ठेवला जातो. राख तिथे लोंबायची कुणी सांगितलेली नव्हती, तो निकाल मैदानातला. ती जोडणी मात्र टेबलावरची. मी तिला नुरा म्हणणार नाही, पण ठामपणे नाही म्हणतानाही माझी जीभ जरा अडखळते. राज्याने सामान्य प्रेक्षकांना हा चित्रपट १९९१पर्यंत पाहू दिला नाही, तो त्या जोडणीमुळे नव्हे, राखेमुळे, असा माझा समज आहे.

आपल्याकडच्या फिल्म्स डिव्हिजनचा (स्थापना १९४८) उल्लेख टाळता येत नाही. मुख्य चित्रपटाआधी ते माहितीपट दाखवणं चित्रपटगृहांवर बंधनकारक होतं. एक अख्खी पिढी त्या वेळात शेंगदाणे घ्यायला बाहेर जाई. त्यात खोटं फारसं काही नसे. कालवा खरा, पाणी खरं, शेतकरीही खरा. पण त्या शेतकऱ्याला पाणी वेळेवर येत नाही असं म्हणायची सोय नव्हती, कारण त्याच्या तोंडावर निवेदकाचा भारदस्त आवाज बसवलेला असे. त्याच संस्थेत एस. एन. एस. शास्त्रींनी १९६७ साली 'आय ॲम ट्वेंटी' केला. स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेल्या मुलामुलींना देशाबद्दल विचारलं, आणि उत्तरं एका सुरात आली नाहीत. सरकारी पैसा, नेमलेला प्रसंग, तरीही निकाली कुस्ती.

आनंद पटवर्धनांवर नेहमीचा आक्षेप असा की त्यांचं मत आधीच ठरलेलं असतं. असतं की. मत असणं आणि निकाल ठरवणं या दोन गोष्टींत गल्लत करू नये. 'हमारा शहर' (१९८५) या मुंबईतल्या झोपडपट्टीवासीयांवरच्या चित्रपटात एक बाई कॅमेऱ्यामागच्या माणसालाच फैलावर घेते: गरिबांचे फोटो काढून तुम्ही नाव कमावणार, आम्हाला काय मिळणार? प्रचारपट करणाऱ्याने हा तुकडा पहिल्या झटक्यात कापला असता. त्याच चित्रपटात गाणारे शाहीर विलास घोगरे यांनी १९९७ साली घाटकोपरच्या रमाबाई नगरातल्या गोळीबारानंतर आत्महत्या केली, आणि तिथून सुरू झालेला 'जय भीम कॉम्रेड' पुरा व्हायला चौदा वर्षं लागली. त्या काळात काय काय घडणार होतं, कोण कुठल्या पक्षात जाणार होतं, हे पटवर्धनांनी लिहून ठेवलेलं नव्हतं.

आता कृत्रिम आवाज आणि चेहरे आले आहेत, आणि जुनाच युक्तिवाद त्यांच्यासाठी पायघड्या घालतो आहे. 'रोडरनर' (२०२१) हा अँथनी बोर्डेन या दिवंगत शेफवरचा माहितीपट. दिग्दर्शक मॉर्गन नेव्हिलने बोर्डेनची काही लिखित वाक्यं संगणकाने बनवलेल्या त्याच्याच आवाजात ऐकवली आणि प्रेक्षकांना ते सांगितलं नाही. शब्द त्याचेच होते, मग बिघडलं कुठे, असा बचाव झाला. टीकाकारही 'पाटी लावायला हवी होती' एवढ्यावर थांबले. पाटी हवीच, पण पाटीने फक्त प्रेक्षकाची फसवणूक टळते.

त्यातलं एक वाक्य बोर्डेनने आपला चित्रकार मित्र डेव्हिड चो याला पाठवलेल्या ईमेलमधलं आहे. तू सुखी आहेस का, असं तो मित्राला विचारतो. हाच प्रश्न १९६०च्या उन्हाळ्यात झाँ रूश आणि एदगार मोराँ यांच्या 'क्रॉनिकल ऑफ अ समर'साठी पॅरिसच्या रस्त्यांवर माईक धरून विचारला गेला होता. पुरता नेमलेला प्रसंग. काहींनी उडवून लावलं, काही न थांबता निघून गेले, काही बोलले. शेवटी ज्यांचं चित्रण झालं त्यांनाच ते दाखवलं, तेव्हा काहीजणांनी त्यातला काही भाग खोटा, काही भाग निर्लज्ज ठरवला. दिग्दर्शकांनी तेही चित्रपटात ठेवलं. यंत्रातल्या बोर्डेनला मात्र अडखळता येत नाही, वाक्य अर्ध्यावर सोडता येत नाही, हे मी लिहिलं होतं पण आता म्हणवत नाही असं सांगता येत नाही. आणि नेव्हिलकडे पर्याय नव्हता असंही नाही. ते ईमेल पडद्यावर वाचायला सुरुवात करतो तो स्वतः चो, ज्याला ते आलं होतं तो जिवंत माणूस. पुढच्या ओळीवर त्याचा आवाज कापेल की सपाट राहील, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तिथेच त्याचा आवाज विरत जातो आणि बनवलेला आवाज वर येतो.