सैनिक मित्राची शिदोरी



मावळातला मुलगा पलटणीत जातो ही काही नवलाची गोष्ट नाही. लोणावळ्यास आय. एन. एस. शिवाजी ही नौदलाची शिक्षणसंस्था आहे, देहूरोडला लष्कराची छावणी आहे, आणि त्या छावणीपासून दोन कोसांवर तुकोबारायांचे देहू आहे. टाळ आणि बंदूक यांचे शेजार आपल्या मुलखास नवे नाही. गावातला एकजण टाळकऱ्यांत उभा राहतो, त्याच्याच वयाचा, त्याच्याच बाकावर बसलेला दुसरा काश्मिरात पहाऱ्यावर उभा राहतो. दिवाळी जवळ आली, की घरी राहिलेल्या मित्राच्या मनात येते, ‘गड्याला काहीतरी धाडावे.’ मग घरचे लाडू, कोरडी चटणी, कोणी विणलेली कानटोपी असे सामान एका डब्यात भरले जाते.

आई डबा धाडते, तिला कोणी कारण विचारीत नाही. मित्राला मात्र पारावरची माणसे विचारतात. एकजण म्हणतो, “अरे, सरकार त्याला सगळे पुरवते. तुझ्या चार लाडवांनी काय होणार?” दुसरा म्हणतो, “गळ्यात तुळशीची माळ, आणि शिदोरी कोणाला? तर शस्त्र धरणाऱ्याला! हे बसते कसे?” तिसरा प्रश्न कोणी उघड विचारीत नाही, पण तोच सर्वांत अवघड आहे. डबा टपालात पडला, की मनातून एक आवाज उठतो, ‘चला, आपले काम झाले.’ खरोखर झाले का? या तिन्ही प्रश्नांचा क्रमाने विचार करू.

पहिला प्रश्न गरजेचा. एके काळी गरजही खरी होती. १९६२ च्या ऑक्टोबरात चीनने हल्ला केला, तेव्हा आपले कितीतरी जवान सुती कपड्यांत आणि कॅनव्हासच्या बुटांत हिमालयावर चढले होते. थंडीच्या कपड्यांची वाण होती. त्या वेळी देशभर आयाबाया सुया घेऊन बसल्या आणि जवानांसाठी स्वेटर, मोजे विणू लागल्या. ते विणणे थोर होते यात शंका नाही. परंतु एक गोष्ट विसरू नये. जी तयारी राज्याने आधी करावयाची, ती बायकांच्या सुयांनी भरून निघत नाही. जवानाला ऊब देणे हे सरकारचे कर्तव्यच आहे. आपल्या भेटीने त्या कर्तव्यावर पांघरूण घालू नये.

आज परिस्थिती पुष्कळ बदलली आहे. मग आता डबा कशाला? याचे उत्तर सुदामदेवाच्या कथेत आहे. द्वारकेच्या राण्याला पोह्यांची काय वाण होती? सुदाम्याच्या बायकोने शेजारीपाजारी मागून चार मुठी पोहे आणले, फाटक्या फडक्यात बांधून दिले. सोन्याची नगरी पाहून सुदामा लाजला आणि पुरचुंडी लपवू लागला. देवाने ती ओढून घेतली! भूक पोह्यांची नव्हती. गुरूच्या घरी ज्याच्याबरोबर लाकडे गोळा केली, तो आपल्याला विसरला नाही, ही खूण त्या पुरचुंडीत होती. सैनिकाला शिधा मिळतो, कपडा मिळतो, पगार मिळतो. पण आपले नाव घरच्या पारावर अजून निघते की नाही, हे त्याला कोणत्याही कोठारातून मिळत नाही. तेवढे फक्त मित्र देऊ शकतो.

आणि म्हणूनच वस्तू हाताने केलेली असावी. बाजारातून आणलेल्या मिठाईत पैसा जातो. तो पुन्हा मिळवता येतो. कानटोपी विणताना जी संध्याकाळ गेली ती परत येत नाही. टाके मोजताना शंभर वेळा त्याचे डोके डोळ्यांपुढे येते. केवढे मोठे? कान झाकतील ना? अहो, ही आठवणच खरी भेट. लोकर हे तिचे निमित्त.

आता दुसरा प्रश्न, माळेचा. हा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. भूतदया हा आपल्या पंथाचा पाया आहे. मुंगीवर पाय पडू नये म्हणून जपणाऱ्याने शस्त्रधाऱ्याशी कसे वागावे? भारती युद्धात भगवंतांनी शस्त्र न धरण्याचा पण केला होता. तरी जयद्रथाच्या मागावर असताना अर्जुनाचे घोडे बाणांनी विद्ध झाले, तेव्हा भर रणांगणात घोडे सोडून त्यांच्या अंगातले बाण कोणी उपटले? त्यांना चोळून पाणी कोणी पाजले? शस्त्र न धरण्याचा पण आणि जखमेवर हात फिरवणे यांत देवाला विरोध दिसला नाही.

दुसरा दाखला आपल्या घरचाच आहे. पवन मावळात बेडसे गावाच्या वर डोंगरात लेणी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीची, बौद्ध भिक्षूंची. तेथे पाण्याची एक पोढी कातळात खोदलेली आहे. ती कोणी दिली ते तेथल्या लेखात कोरून ठेवले आहे. सामडिनिका नावाच्या एका महारठिनीचे ते दान. महारठी ही सातवाहनांच्या काळी मोठ्या सरदारांची पदवी होती. म्हणजे घर तलवारीचे, आणि पाणी दिले कोणाला? जीवहत्या न करण्याचे व्रत घेतलेल्या भिक्षूंना. भिक्षूंनी ते नाकारले नाही. शस्त्राच्या घरातून अहिंसेच्या घरी पाणी येऊ शकते, तर अहिंसेच्या घरातून शस्त्राच्या घरी लाडू का जाऊ नये?

पण मला याहून महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. तो मुलगा सीमेवर स्वतःच्या भांडणासाठी गेलेला नाही. आपण सर्वांनी मते देऊन जे सरकार निवडले, त्याने त्याला तेथे उभे केले आहे. त्याच्या हातातील शस्त्राचा भार एकट्याचा कसा? तो तुमचा-माझाही आहे. डबा न धाडल्याने माळ अधिक सोवळी राहते असे ज्याला वाटते, त्याने रात्री दार लावून निवांत झोपताना त्या झोपेचाही विचार करावा.

मात्र येथे एक पथ्य आहे. डब्यात चिठ्ठी घालाल, तर तिच्यात काय लिहाल ते जपून लिहा. “शत्रूला ठार करून ये” असे घरबसल्या लिहिणे सोपे असते. ते शौर्य आपले नसते, आणि त्याचे ओझे त्याच्या मनावर पडते. सीमेच्या पलीकडेही कोणाची तरी आई वाट पाहत असते. “कर्तव्य नीट कर आणि सुखरूप ये. औंदा भात चांगला पोटरला आहे. भजनात तुझी जागा मोकळी ठेवली आहे,” एवढे पुरे. माळकऱ्याच्या हातून द्वेष टपालात पडू नये.

आता तिसरा प्रश्न. डबा गेला, की ऋण फिटले का?

नाही. आणि ते फेडण्यासाठी डबा धाडू नये. दोघे मित्र एका वयाचे. एक घरी राहिला, त्याची वारी चुकत नाही, त्याची मुले त्याच्या अंगाखांद्यावर खेळतात. दुसऱ्याची आषाढी बर्फात जाते, त्याचे मूल चालायला लागते ते तो फोनवर पाहतो. ही तफावत दोन शेर लाडवांनी भरून निघेल? दुकानात फेड होते, मैत्रीत होत नाही. डबा धाडून मोकळे वाटू लागले, तर समजावे की आपण भेट दिली नाही, पावती घेतली. उलट डबा धाडल्यावर त्याची आठवण वाढली, त्याच्या म्हाताऱ्या आईबापांच्या शेतात नांगर वेळेवर लागला का हे बघावेसे वाटले, तर ती भेट खरी. वारीला जाल तेव्हा त्याच्या वाटणीचीही दोन पावले चाला. पंढरीचा बुक्का, चार चुरमुरे, तुळशीची मंजिरी पुडीत बांधून त्याला धाडा. वारी चुकलेल्या माणसाला त्या पुडीचे मोल किती, हे वारकऱ्याला सांगावे लागत नाही.

दिखाव्याविषयीही दोन शब्द. दिवाळीला डब्यांचा ढीग रचून, पुढे फलक लावून, छायाचित्र काढून घेण्याची रीत पडली आहे. सामुदायिक फराळ धाडणे चांगलेच. पण बेडशाच्या पोढीवर देणाऱ्याचे नाव असले, तरी तहानलेला भिक्षू नाव वाचून पाणी पीत नसेल. नाव मोठे आणि पाणी थोडे असे होऊ नये.

भेट घेणाऱ्याकडे पाहूनही करावी. १९१४ च्या नाताळात इंग्लंडच्या राजकन्या मेरीच्या नावाने सैनिकांना पितळी डब्या वाटल्या. गोऱ्यांच्या डबीत तंबाखू होती. शिखांना तंबाखू वर्ज्य, म्हणून त्यांच्यासाठी खडीसाखर आणि मसाल्याची डबी होती. भेट साम्राज्याची होती, तरी घेणाऱ्याचा धर्म जाणण्याएवढा विचार तिच्यात होता. मग मित्राने तर आधी विचारावेच, “गड्या, काय धाडू?”

व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो. सैनिकाच्या पत्त्यात ठिकाण लिहीत नाहीत. त्याचा क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण आणि पुढे ‘५६ ए. पी. ओ.’ किंवा ‘९९ ए. पी. ओ.’ लिहितात. लष्कराचे टपालखाते ते योग्य जागी नेते. वाटेत दिवस लागतात. म्हणून ओल्या नारळाचे काही नको, तेल गळणारे लोणचे नको, काचेची बरणी नको. मेतकूट, शेंगदाण्याची कोरडी चटणी, डिंकाचे लाडू टिकतात. उंच चौकीवर सामान माणसाच्या पाठीवर नाहीतर हेलिकॉप्टरने चढते, म्हणून वस्तू हलकी असावी. आणि एकट्यापुरते धाडू नका. बराकीत डबा उघडला, की पंजाबी, मद्रासी, गढवाली सारेच भोवती बसणार. गोकुळात गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र केल्या, त्याचा काला झाला. ज्याला घरून कोणी काही धाडत नाही, त्याच्याही हातावर त्या काल्याचा घास पडू द्या.

शेवटची गोष्ट ध्यानात ठेवावी. युद्धाच्या बातम्या असतात तोवर डबे पुष्कळ जातात. १९९९ साली कारगिलच्या वेळी राख्यांचा आणि पत्रांचा पूर लोटला होता. बातम्या ओसरल्या, की डबेही आटतात. पण सैनिकाचे सोसणे तेथे संपत नाही. आपल्या लोणावळा-पुणे लोकलने कामशेतहून बसा आणि खडकीस उतरा. १९७४ पासून तेथे पाठीच्या कण्याला इजा होऊन कायमचे खुर्चीला जखडलेल्या सैनिकांचे पुनर्वसन केंद्र चालते. त्यांच्यासाठी ए. पी. ओ. चा पत्ता लागत नाही. रीतसर परवानगी घ्यावी, आणि जाऊन दोन घटका शेजारी बसावे.

तेव्हा बंधूंनो, डबा जरूर धाडा. हाताने करा, विचारून करा, नाव न मिरवता करा. त्याच्या आईच्या अंगणात सणावारी डोकावून या. आणि तो परत आल्यावर पराक्रमाच्या गोष्टी सांगण्याचा आग्रह धरू नका. शेजारी बसा, त्याच्या हाती टाळ द्या. तो वाजवील तर वाजवील, नाहीतर नुसता हातात धरून बसेल. तेवढा वेळ त्याच्याजवळ बसून राहणे, हीदेखील शिदोरीच आहे.

रामकृष्णहरि!