गाणे मागणारे आणि आवाज मागणारे

मराठी पॉप संगीतावर सध्या जे लिहिले-बोलले जाते, त्यात दोनच सूर ऐकू येतात. एक आकड्यांचा. संजू राठोड यांचे 'गुलाबी साडी' २०२४ मध्ये आले आणि पुढचे कित्येक महिने ते किती कोटी वेळा पाहिले गेले, यापलीकडे चर्चा गेली नाही. चाल कशी आहे, आवाज कसा आहे, गाणाऱ्याने शब्द कुठे सोडला आणि कुठे धरून ठेवला, याबद्दल एक वाक्यही कुणाला लिहावेसे वाटले नाही. दुसरा सूर हळहळीचा. लोक हल्ली गाणे ऐकत नाहीत, बघतात, असे तो सांगतो. थोडे पुढे जाऊन विचारले की हा बिघाड कधीपासून, तर हमखास उत्तर येते : 'ऐका दाजिबा'पासून.

पहिल्या सुराशी वाद घालण्यात अर्थ नाही. मोजणे म्हणजे मत नव्हे, एवढे म्हटले की तो विषय संपतो. जे गाजते ते हीनच असते, असे मानणाऱ्यांनाही मी सोडून देतो, कारण त्यांनी गाणे ऐकण्याआधीच निकाल दिलेला असतो. पण 'बघणाऱ्यांनी मोठे केलेले गाणे' हा आरोप मला सोडवत नाही. तो संगीत जाणणाऱ्या, जुनी भावगीते मनापासून जपणाऱ्या माणसांकडून येतो, आणि त्यात सातारा जिल्ह्यातल्या आमच्या लोणंदसारख्या गावातल्या हजारो श्रोत्यांचा कान एका वाक्यात रद्द होतो.

२००२ च्या सुमारास सागरिका कंपनीने 'ऐका दाजिबा' हा अल्बम आणला. संगीत अवधूत गुप्ते यांचे आणि आवाज वैशाली सामंत यांचा. त्याआधी 'लगान'मधल्या 'राधा कैसे न जले'मध्ये आशा भोसले आणि उदित नारायण यांच्यासोबत तो आवाज येऊन गेला होता, पण तेव्हा घराघरांत त्या आवाजाला नाव मिळाले नव्हते. ते दाजिबाने दिले. शीर्षकगीताच्या चित्रफितीत मिलिंद गुणाजी आणि ईशिता अरुण होते. देशभर दिसणाऱ्या संगीत वाहिन्यांवर मराठी गाणे वाजू लागले याचे तेव्हा फार अप्रूप होते. टीकाकार नेमके इथेच बोट ठेवतात. चित्र आले, म्हणून गाणे चालले.

आता हे लोणंदला लावून पाहा. तेव्हा गावात केबल होती, पण भारनियमनही होते, आणि संध्याकाळी वीज असलीच तर घरातला एकुलता टीव्ही मालिका आणि बातम्यांना बांधलेला. संगीत वाहिनी लावून बसण्याची मुभा फार थोड्या घरांत होती. दाजिबा गावात आला तो कॅसेटमधून. एसटी स्टँडजवळच्या टपऱ्यांवर, वडापच्या जीपमध्ये, लग्नाच्या मांडवात, गॅदरिंगच्या तालमीत. आणि कांद्याच्या गाड्यांमध्ये. लोणंदच्या बाजार समितीत लिलाव झालेला माल भरून रात्री निघालेली गाडी शिरवळ, कात्रज, बोरघाट असे करत पहाटे वाशीला पोचायची. त्या रात्रभरात एकच कॅसेट आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने फिरत राहायची. ज्याचे डोळे घाटातल्या वळणावर खिळलेले आहेत, त्या ड्रायव्हरला 'बघणारा' कसे म्हणायचे? त्याने मिलिंद गुणाजींना त्या गाण्यात कधी पाहिले असेल तर ते पुष्कळ नंतर.

यावर मिळणारे उत्तर मला ठाऊक आहे. शहरात चित्रफितीने गाजवले, मग गावात त्याचा पडसाद उमटला; गावाने फक्त गाजलेले उचलले. यात थोडे तथ्य आहे. शहरात नाव झाले नसते तर कॅसेट तालुक्याच्या दुकानापर्यंत इतक्या लवकर आली नसती. पण माल दुकानापर्यंत पोचला म्हणून माणूस तो पैसे मोजून पुन्हा पुन्हा नेतो असे नाही. त्याच वर्षांत रिमिक्सची लाट होती, आणि एकाहून एक भडक चित्रफितींची गाणी त्याच दुकानांत त्याच फळीवर होती.

त्यांतले सर्वांत गाजलेले 'कांटा लगा' घ्या. १९७२ च्या 'समाधी' चित्रपटातले राहुल देव बर्मन यांचे, लता मंगेशकरांनी गायलेले गाणे, ते २००२ मध्ये नव्या ठेक्यावर आले. त्या चित्रफितीतली शेफाली जरीवाला रातोरात ओळखीची झाली. २०२५ मध्ये तिचे अकाली निधन झाले, तेव्हाही बातमीने तिची ओळख त्याच गाण्याने करून दिली. नव्या आवृत्तीत ते कुणी गायले, हे मला आजवर एकाही रसिकाने न अडखळता सांगितलेले नाही. बघितले गेलेले गाणे असे असते. चेहरा उरतो, ठेका उरतो, आवाजाबद्दल कुणी विचारत नाही. दाजिबाचे बरोबर उलट झाले. चित्रफितीत दोन ओळखीचे चेहरे असूनही लोकांच्या तोंडी नाव राहिले ते पडद्याआड गाणाऱ्या वैशाली सामंत यांचे. हे गाणे डोळ्यांनी मोठे केले असते तर असे होण्याचे काही कारण नव्हते.

त्या काळी लोणंदसारख्या प्रत्येक बाजारगावात एक-दोन दुकाने कॅसेट भरून देणारी असत. गिऱ्हाईक कोरी कॅसेट आणि एक चिठ्ठी द्यायचे. चिठ्ठीवर गाण्यांची यादी. वहीचे फाडलेले पान, पाकिटाची मागची बाजू, कधी लग्नपत्रिकेचा कोरा भाग. या चिठ्ठ्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत, कारण अशाच एका दुकानात गर्दीच्या वेळी त्या वाचून गाणी काढून ठेवण्याचे काम माझ्याकडे असे. बहुतेक चिठ्ठ्यांवर गाण्याचे नाव किंवा पहिले दोन शब्द असायचे, फार तर चित्रपटाचे नाव. दाजिबानंतर मात्र काही चिठ्ठ्यांवर वेगळीच ओळ येऊ लागली : 'दाजिबावालीची अजून असतील ती.' अंगणवाडीत काम करणाऱ्या एका बाईंनी यादी लिहिलीच नव्हती. "ह्या बाईचं जे मिळंल ते भरा, मधी दुसरं कुणाचं घालू नका," एवढेच त्यांनी सांगितले.

माझा सगळा मुद्दा या मागणीत आहे. श्रोत्याचे मत दोन प्रकारे कळते. तो गाणे मागतो किंवा आवाज मागतो. गाणे मागण्यात चाल, ठेका, लग्नातली गंमत, पडद्यावरचा चेहरा, मित्रांचा आग्रह, सगळे मिसळलेले असते; त्यातून संगीताबद्दलचे मत वेगळे काढता येत नाही. आवाज मागणारा मात्र जे गाणे त्याने अजून ऐकलेलेच नाही त्यासाठी पैसे पुढे करतो. तिथे ठेका ठाऊक नाही, चेहरा नाही, गंमतही नाही. भरवसा ठेवायला त्याच्याजवळ फक्त गळा असतो. म्हणून मी आवाजाच्या मागणीलाच खरे मत समजतो, आणि एखाद्या गायकाचा पहिला मोठा अल्बम कोणता हे ठरवताना खपाकडे न बघता एवढेच विचारतो की त्यानंतर लोक आवाज मागू लागले का.

आमच्या भागाला ही सवय नवी नव्हती. नीरास्नान करून माउलींची पालखी लोणंदला मुक्कामी येते, तेव्हा दिंडीत मागे चालणाऱ्याला पुढे चाल धरणारा दिसत नाही. तरी 'यंदा गळा कुणाचा आहे' हे त्याला दोन चरणांत कळते. १९६३ पासून सांगली आकाशवाणी ऐकत वाढलेल्या पिढीने तर गायकांचे चेहरे कित्येक वर्षे पाहिलेच नाहीत. लावणी म्हणजे बघण्याची गोष्ट असे म्हणणाऱ्यांनी सुलोचना चव्हाण आठवाव्यात. डोक्यावर पदर घेऊन त्या मायक्रोफोनसमोर उभ्या राहायच्या आणि लावणी केवळ गळ्यातून उभी करायच्या. आचार्य अत्र्यांनी त्यांना लावणीसम्राज्ञी म्हटले ते त्या गळ्यासाठी. पुढे कॅसेटच्या काळात 'आनंद शिंदेंची नवीन आली का?' हा प्रश्न प्रत्येक दुकानदाराने ऐकला आहे. त्यातही गाण्याचे नाव नाही. ज्या प्रदेशाचा कान असा घडला, तो एका चित्रफितीने एका वर्षात बिघडला, हे मला पटत नाही.

ज्यांना दाजिबा आवडला नाही त्यांचेही इथे ऐकले पाहिजे, कारण ते टीकाकारांपेक्षा फार नेमके बोलत. तमाशात उमेदीची वर्षे घालवलेले एक ढोलकीवाले म्हणायचे, "ठेका मशीनचा हाय, त्यो दम घेत न्हाय, बाई घेती, पर त्यो थांबत न्हाय." याहून चांगली समीक्षा त्या अल्बमवर मी वाचलेली नाही. गाणारीने शब्दाच्या शेवटी ठसका द्यावा आणि ढोलकीने क्षणभर अंग चोरून तिला जागा द्यावी, हे लावणीतले देणेघेणे त्यांना तिथे सापडत नव्हते. काही जाणती माणसे सुलोचनाबाईंची फेक काढत आणि हा आवाज त्यापुढे पातळ आहे म्हणत. मला तसे वाटत नाही. वैशाली सामंत यांचा गळा बारीक असेल, पण टोकदार आहे. शब्द उचलताना त्यात जी तरतरी येते ती मशीनच्या ठेक्यावरही मावळत नाही, आणि गाडीच्या इंजिनाच्या आवाजातूनही ती आरपार ऐकू येत होती. पण आमचा हा मतभेद आवाजावरच होता. नापसंती दाखवणारेही ऐकतच होते. बघणाऱ्यांच्या जमावात अशी तक्रार उठत नाही.

एक गोष्ट मान्य केली पाहिजे. अल्बममधली बाकीची गाणी फारशी टिकली नाहीत. आज दहा जणांना विचारले तर बहुतेकांना शीर्षकगीतच आठवेल. सगळा अल्बम थोर होता असे म्हणणे मला शक्य नाही, आणि आवाज मागणारे श्रोते गाणे मागणाऱ्यांच्या तुलनेत थोडेच होते हेही खरे. पण थोडे होते म्हणून त्यांचे मत हलके ठरत नाही. पुढे काय झाले ते त्यांच्यामुळे झाले. अजय-अतुल यांनी 'जत्रा' चित्रपटासाठी 'कोंबडी पळाली' केले, तेव्हा आनंद शिंदे यांच्यासमोर वैशाली सामंत यांना उभे केले. कॅसेटच्या दुकानात ज्यांना नावाने मागितले जाई असे दोन आवाज एका गाण्यात आले. त्या गाण्याची चाल पुढे २०१२ च्या 'अग्निपथ'मध्ये 'चिकनी चमेली' होऊन श्रेया घोषाल यांच्या गळ्यातून देशभर गेली. ती आवृत्ती कतरिना कैफच्या नाचासकट सगळ्यांनी पाहिली. आमच्याकडच्या मिरवणुकांत तरीही मराठीच मागितले जाते, आणि 'त्या दोघांचंच लावा' असे बजावून मागितले जाते.

आता 'गुलाबी साडी'कडे. हे गाणे ऐकणाऱ्याला कॅसेट नाही, अल्बम नाही, दुसरी बाजू नाही. गाणे बोटाच्या एका झटक्यावर येते आणि जाते. त्यामुळे आवाज मागणारा श्रोता उरलाच नाही, असे म्हणणे सोपे आहे. तरी संजू राठोड यांचे त्याआधीचे 'नऊवारी पाहिजे' लोकांनी मागे जाऊन शोधले, आणि पुढचे 'शेकी' आले तेव्हा ते कुणाचे आहे हे सांगावे लागले नाही. माझ्या कसोटीवर हा मुलगा उतरतो. त्याच्या गाण्यांची रचना मला एकसुरी वाटते. पण श्रोते त्याला नावाने मागतात ही गोष्ट पाहण्याच्या आकड्याखाली दडपली जाऊ नये.

जे मराठी गाण्यांवर लिहितात त्यांना माझी विनंती आहे. आकडा लिहायचा तर लिहा, पण त्याच्या शेजारी आणखी एक गोष्ट लिहा : गाणे संपल्यावर त्या माणसाने पुढे काय मागितले. ते कळायला मुंबई-पुण्यात बसून चालणार नाही. बाजारच्या दिवशी लोणंदला या, बाजार समितीच्या आवारात उभ्या असलेल्या गाड्यांमध्ये काय वाजते आहे ते ऐका, आणि ड्रायव्हरला विचारा. तो गाण्याचे नाव सांगतो की गाणाऱ्याचे, ते लिहून घ्या.