धर्मराजाला जाब

महाभारताच्या आदिपर्वात मांडव्य ऋषींची गोष्ट आहे. चोरांनी लुटीचा माल त्यांच्या आश्रमात दडवला. मागोमाग आलेल्या राजाच्या शिपायांनी विचारलं, चोर कुठे गेले? ऋषींचं मौन होतं. ते बोलले नाहीत. माल सापडला, आणि गप्प राहिलेला माणूस चोरांचा साथीदार ठरून सुळावर चढला. तो मेला नाही. राजाने चूक कळल्यावर पाय धरले, पण सूळ काही निघेना. शेवटी तो कापला आणि टोक अंगातच राहिलं. राजाला मांडव्यांनी माफ केलं. मग ते थेट धर्मराजाकडे गेले: ही शिक्षा कोणत्या अपराधाची?

पॉलिग्राफच्या खुर्चीतून उठलेल्या माणसालाही हेच विचारायचं असतं. छातीभोवती नळ्या, दंडाला रक्तदाबाचा पट्टा, बोटांना घामाची नोंद घेणाऱ्या पट्ट्या. मधेच प्रश्न येतो, ‘तुमच्यावर विश्वास टाकणाऱ्याशी कधी खोटं बोललात का?’ हा मुद्दाम पेरलेला असतो. निर्दोष माणूस इथे जास्त चलबिचल होईल आणि दोषी माणूस खऱ्या प्रश्नाला, असा हा ठोकताळा. यंत्र मोजतं श्वास, नाडी आणि घाम. खोटेपणा ठरवतो परीक्षक.

अमेरिकेत सीआयएचा ऑल्ड्रिच एम्स १९८५पासून सोव्हिएत संघाला गुपितं विकत होता. १९८६ आणि १९९१ अशा दोन्ही चाचण्या तो पार करून गेला. पकडला गेला १९९४ साली. याची दुसरी बाजू तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने २००२ साली आकड्यांत मांडली. दहा हजार कर्मचाऱ्यांत दहा हेर असले आणि त्यांतले आठ पकडायचे म्हटलं, तर सुमारे १,६०० निरपराध माणसंही सोबत अडकतील.

त्यांच्यापैकी कोणी परीक्षकाचं नाव चव्हाट्यावर मांडलं तर? संताप समजण्यासारखा आहे. ज्याच्या एका शेऱ्याने नोकरी गेली, तो सरकारी पगारदार बिनचेहऱ्याचा का राहावा? पण चव्हाट्यावर नाव गेलं की पाठोपाठ घराचा पत्ता जातो, बायकामुलं येतात, आणि ज्यांनी हे यंत्र नोकरीच्या दाराशी आणून बसवलं ते वरिष्ठ निवांत राहतात.

नाव गाजलं म्हणजे जाब मिळाला, असंही नाही. बेंगळुरूच्या सरकारी प्रयोगशाळेतल्या नार्को चाचण्यांच्या तज्ज्ञ बाई एके काळी घरोघरी ठाऊक होत्या. तेलगीच्या मुद्रांक घोटाळ्यातल्या चाचणीची चित्रफीत तर मराठी घरांनीही टीव्हीवर पाहिली. २००९ साली त्या बडतर्फ झाल्या, त्या बनावट कागदपत्रांच्या आरोपावरून. चाचण्यांचे निष्कर्ष कितपत खरे, हा प्रश्न तिथेच पडून राहिला. (त्यांचं नाव इथे मुद्दामच घेतलेलं नाही.)

त्या प्रश्नाला हात घातला सर्वोच्च न्यायालयाने, ५ मे २०१० रोजी, सेल्वी खटल्यात. संमतीशिवाय नार्को नाही, पॉलिग्राफ नाही, मेंदूची चाचणीही नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाची २०००ची नियमावली काटेकोर पाळा, असंही बजावलं: संमती दंडाधिकाऱ्यासमोर, चाचणी वकिलाच्या हजेरीत, माहिती कशी मिळाली याची पूर्ण नोंद. खरं तर परीक्षकाचं नाव याच नोंदीत हवं, आलेख आणि विचारलेल्या प्रश्नांसकट, आणि ती नोंद खुर्चीत बसलेल्याच्या हातात पडायला हवी. गावाला त्याचं काय करायचंय?

धर्मराजाने मांडव्यांना उत्तर दिलं: लहानपणी तू कीटकांच्या शेपटीत गवताची काडी खुपसली होतीस. एवढ्याशा गोष्टीला सूळ? मांडव्यांनी शाप दिला आणि धर्मराजाला विदुर होऊन जन्म घ्यावा लागला. त्याच दमात त्यांनी नवी मर्यादाही घातली: चौदाव्या वर्षापर्यंत केलेल्याचं पातक धरायचं नाही.