दुसऱ्याच्या अपराधाची नोंद मागण्याचा अधिकार

अपराधाचे दोन हिशेब असतात, एक अपराध्याच्या स्वतःच्या अंतःकरणाशी आणि दुसरा त्याने ज्यांना धोक्यात घातले त्यांच्याशी, ही जाणीव भारतीय धर्मशास्त्रात फार जुनी आहे. याज्ञवल्क्यस्मृतीची रचनाच आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त अशा तीन अध्यायांची असून, व्यवहाराध्याय राजाने करायच्या न्यायनिवाड्याचा आणि प्रायश्चित्ताध्याय पापक्षालनाचा विचार करतो. या दोन हिशेबांची गल्लत झाली की एक अवघड प्रश्न उभा राहतो: ज्याने अपराध केला, दंड भोगला आणि कदाचित पश्चात्तापही केला, त्याच्या अपराधाची नोंद समाजाने किती काळ जपावी, आणि ती मागण्याचा अधिकार कोणाला असावा? दारू पिऊन वाहन चालवण्याच्या गुन्ह्यात हा प्रश्न सर्वांत टोकदार होतो, कारण मद्यपानाला परंपरेने पाप मानले, आधुनिक कायदा मात्र पापाकडे न पाहता रस्त्यावरच्या धोक्याकडे पाहतो.

जालना जिल्ह्यात ही नोंद कशी जन्माला येते, हे आधी पाहिले पाहिजे. समृद्धी महामार्गाला जोडणाऱ्या रस्त्यावर किंवा अंबड, भोकरदनकडे जाणाऱ्या वाटेवर पोलीस रात्री नाकाबंदी लावतात आणि चालकाला श्वास तपासणाऱ्या यंत्रात फुंकर मारायला सांगतात. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळला, तर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ खालचा गुन्हा होतो, आणि त्यासाठी अटक केलेल्या माणसाची दोन तासांच्या आत नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून तपासणी झाली नाही, तर त्याला सोडून द्यावे लागते. हा गुन्हा जागेवर तडजोड रक्कम भरून मिटवता येणाऱ्यांपैकी नाही, प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यासमोर जातेच. म्हणून एकाच रात्रीच्या घटनेचा माग अनेक ठिकाणी उरतो: पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीत, वैद्यकीय अहवालात, जालन्याच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात किंवा तालुक्याच्या न्यायालयाच्या दप्तरात, आणि परवाना निलंबित झाला तर एमएच-२१ या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या परिवहन कार्यालयातही.

या दप्तरांकडे जाणाऱ्या वाटा वेगवेगळ्या आहेत, आणि प्रत्येक वाट जाणून घेण्याच्या अधिकाराविषयी निराळे तत्त्व गृहीत धरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७ नुसार प्रत्येक पोलीस ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात अटक झालेल्यांची नावे, पत्ते व गुन्ह्याचे स्वरूप ठळकपणे लावायचे असते. यामागे गुन्हेगाराची बदनामी करण्याचा हेतू नाही. अटक झालेला माणूस कोठडीत गुपचूप नाहीसा होऊ नये, ही १९९६ च्या डी. के. बसू निकालापासून चालत आलेली काळजी त्यामागे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार, संवेदनशील गुन्हे वगळता, प्रथम खबर अहवाल पोलिसांच्या संकेतस्थळावर चोवीस तासांत ठेवावे लागतात, तेही मुख्यतः आरोपीला स्वतःवरील आरोप वेळेवर कळावा म्हणून. न्यायालयातील प्रकरणाची सद्यस्थिती ई-कोर्ट सेवेवर पक्षकाराचे नाव व वर्ष किंवा सोळा अक्षरांकांचा सीएनआर क्रमांक घालून कोणालाही पाहता येते. माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली दहा रुपये शुल्क भरून पोलिसांच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि माहिती कशासाठी हवी, हे सांगण्याची सक्ती कलम ६(२) करत नाही. वैयक्तिक माहितीला त्या कायद्यात अपवाद आहे आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने त्याची व्याप्ती वाढवली, तरी लोकहित अधिक वजनदार ठरल्यास माहिती देण्याची मुभा माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम ८(२) मध्ये आहे.

न्यायालयाची वाट मात्र वेगळी आहे. निकालपत्राची किंवा दोषारोपपत्राची प्रमाणित नक्कल उच्च न्यायालयाच्या नियमांतील अटींवर मिळते. खटल्याचा पक्षकार नसलेल्या त्रयस्थाने ती मागताना कारण सांगावे, ही गुजरात उच्च न्यायालयाच्या नियमातील अट सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० च्या निकालात ग्राह्य धरली आणि अशा नकलांसाठी माहिती अधिकाराचा मार्ग वापरता येणार नाही, असे ठरवले. नक्कल अर्जातील कारणाचा हा रकाना बहुतेकांना कारकुनी अडथळा वाटतो. वास्तविक भारतीय ज्ञानपरंपरेत त्याला मोठा आधार आहे. शास्त्रग्रंथाच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी अशा चार गोष्टी स्पष्ट कराव्या लागतात. त्यांना अनुबंधचतुष्टय म्हणतात, म्हणजे कोणते ज्ञान, कशासाठी, ग्रंथाचा त्या ज्ञानाशी संबंध काय आणि ते घेण्यास पात्र कोण, याचा आधीच केलेला निर्णय. ज्ञान सत्य आहे एवढ्यावरून ते कोणीही कोणत्याही हेतूने घ्यावे, असे ही परंपरा मानत नाही. या पात्रतेच्या कल्पनेचा वापर शूद्रांना आणि स्त्रियांना ज्ञानापासून दूर ठेवण्यासाठी झाला, हा तिच्यावरचा मोठा डाग आहे. जन्मावरून ठरणारी पात्रता त्याज्यच आहे, पण प्रयोजनावरून ठरणारी पात्रता सोडून देण्याचे कारण नाही.

दंडानंतर माणसाला परत घेण्याविषयी स्मृतिकार काय सांगतात, तेही बारकाईने पाहण्याजोगे आहे. सुरापान हे महापातकांपैकी एक, आणि त्यावरचे मनुस्मृतीतील प्रायश्चित्त मरणान्त म्हणावे इतके कठोर, शिवाय वर्णागणिक बदलणारे; आजच्या न्यायबुद्धीला ते मान्य होणार नाही. तथापि त्याच अकराव्या अध्यायात पतिताला बहिष्कृत करण्याचा विधी आहे आणि त्याला परत घेण्याचाही. बहिष्काराच्या वेळी आप्तांनी गावाबाहेर, सायंकाळी, जिवंत माणसाला मेलेला मानून, पाण्याने भरलेली घागर दासीकडून पायाने लवंडवायची. त्यानंतर बोलणे, एकत्र बसणे, वारसा, सारे बंद. प्रायश्चित्त पुरे झाल्यावर त्याच आप्तांनी त्याच्यासोबत पवित्र जलाशयात स्नान करायचे आणि पाण्याने भरलेली नवी घागर त्या जलात सोडायची. यापुढे तो घरात येतो, नात्याची सर्व कामे करतो, आणि शुद्ध झालेल्याची घृणा कोणी करू नये, असे ग्रंथ स्पष्ट बजावतो. बहिष्कार जितका जाहीर, तितकाच स्वीकारही जाहीर, ही यातील मोलाची गोष्ट आहे. आजच्या दप्तरात पहिला अर्धा भाग पक्का आहे, दुसऱ्यासाठी रकानाच नाही. दंड भरला, शिक्षा भोगली, पुढची दहा वर्षे माणूस सरळ चालला, यातील शेवटची गोष्ट कोणत्याही नकलेत येत नाही.

जैन परंपरेने हाच प्रश्न दुसऱ्या टोकाने हाताळला आहे. गुरू गणेश तपोधामामुळे स्थानकवासी जैनांच्या श्रद्धेचे ठिकाण बनलेल्या जालन्यात ही परंपरा परकी नाही. आपला दोष गुरूसमोर स्वतःहून सांगण्याच्या क्रियेला आलोचना म्हणतात, आणि ती ऐकणाऱ्या आचार्याच्या अंगी जे गुण असावे लागतात, त्यांत अपरिस्रावी असणे हा एक आहे, म्हणजे ऐकलेला दोष त्याच्याकडून बाहेर झिरपता कामा नये. येथे गुप्तता हीच शुद्धीची अट आहे. पण आलोचनेची ही गुप्तता रस्त्यावरच्या गुन्ह्याला जशीच्या तशी लावता येत नाही, कारण तिथे दुखावलेला तिसरा माणूस असतो आणि त्याने गुप्ततेला संमती दिलेली नसते. घरात बसून प्यायलेल्याचा दोष त्याचा आणि त्याच्या कुटुंबाचा. ट्रक किंवा दुचाकी घेऊन निघालेल्याचा दोष समोरून येणाऱ्या प्रत्येकाचा विषय होतो.

म्हणून नोंद मागणाऱ्यांत पहिला अधिकार अपघातग्रस्ताचा आणि मृताच्या वारसांचा आहे, आणि इथे कोणताही संकोच असू नये. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासमोर भरपाई मागताना खबरीची प्रत, पंचनामा, वैद्यकीय अहवाल यांवर त्यांचा दावा उभा राहतो. त्यांना एक विचित्र कोडेही सोडवावे लागते: चालक प्यायलेला होता, हे सिद्ध करणारा कागद विमा कंपनीलाही बचावाची संधी देतो, कारण मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १५० मध्ये मद्याच्या अमलाखाली वाहन चालवणे हा विमापत्रातील अटीचा भंग म्हणून मांडता येतो. तरीही सत्य लपवून भरपाई मागणे हा त्यावरचा मार्ग नव्हे. अटभंग झाला तरी कंपनीने आधी पीडिताला रक्कम द्यावी आणि मग मालकाकडून वसूल करावी, असे आदेश न्यायालयांनी अनेकदा दिले आहेत. १९ मे २०२४ रोजी पुण्याच्या कल्याणीनगरात दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेणाऱ्या अपघातानंतर रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप झाला, तेव्हा महाराष्ट्र इतका हादरला, तो याच कारणाने: नोंदच खोटी झाली, तर मृताच्या बाजूने बोलणारे काहीच उरत नाही.

कायद्याच्या स्मरणशक्तीतही अलीकडे एक बदल झाला आणि त्याची पुरेशी चर्चा झालेली नाही. पूर्वी कलम १८५ खालचा दुसरा गुन्हा पहिल्यापासून तीन वर्षांच्या आत घडला, तरच वाढीव शिक्षा होत असे. म्हणजे तीन वर्षांनी कायदा पहिला गुन्हा विसरत होता. २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा हजार आणि दुसऱ्याचा पंधरा हजार रुपये केला, कारावासाची कमाल मर्यादा अनुक्रमे सहा महिने आणि दोन वर्षे राहिली, पण तीन वर्षांची ती अट गेली. रस्त्यावरचे मृत्यू पाहता न्यायालयाने पहिला गुन्हा लक्षात ठेवणे समर्थनीय आहे. परंतु न्यायालयाचे स्मरण आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचे स्मरण यांत फरक केला पाहिजे. न्यायालय मर्यादित प्रयोजनासाठी, बचावाची संधी देऊन आठवते. चावडीवरचे स्मरण या दोन्ही गोष्टी जाणत नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ ने मुलांच्या बाबतीत नवी सुरुवात हे तत्त्व मान्य करून, विशेष परिस्थिती वगळता, जुन्या नोंदी पुसण्याची सोय केली. प्रौढांसाठी नोंद पुसणे योग्य ठरणार नाही, तरी नोंद वापरण्याच्या प्रयोजनावर मर्यादा घालणे शक्य आहे आणि आवश्यकही.

या मर्यादेची खरी परीक्षा सोयरिकीच्या वेळी होते. मुलीच्या बापाला होणारा जावई पितो का, पिऊन गाडी चालवतो का, हे कळले पाहिजे, आणि त्याच्या प्रयोजनात काहीही गैर नाही. पण ई-कोर्टवर नाव घालून शोधले, तर त्याच नावाचे चार जण निघतात. अटक झालेला आणि दोषी ठरलेला यांतील भेद निकालपत्र वाचल्याशिवाय कळत नाही, आणि निर्दोष सुटलेल्याचेही नाव त्या यादीत असतेच. अशा वेळी त्रयस्थाने मागच्या दाराने कागद काढण्यापेक्षा ज्याची नोंद आहे त्यालाच ती विचारणे अधिक धर्म्य आहे. पक्षकार या नात्याने स्वतःच्या खटल्यातील निकालपत्राची नक्कल मागण्याचा त्याचा हक्क निर्विवाद असतो. त्याने नक्कल विभागात अर्ज देऊन, कोर्ट फी तिकीट लावून ती काढली, दंड भरल्याची पावती जोडली आणि दोन्ही कागद सासरच्या माणसांसमोर ठेवून झाले ते सांगितले, तर शासकीय दप्तरातला तोच कागद आलोचनेचे काम करतो, आणि ऐकणाऱ्यांवर तो बाहेर न झिरपू देण्याचे बंधन येते.