नव्या शहरातलं ताट

बदली झाली की लोक आधी घरभाडं, मुलांची शाळा, बसचा मार्ग बघतात. माणूस नव्या शहरात रुजतो की नाही, हे मात्र बहुधा जेवणावर ठरतं. मुंबईचं गिरणगाव आठवा. कोकणातून, घाटावरून आलेले कामगार एकेका खोलीत दाटीवाटीनं, पाळीपाळीनं राहत आणि जेवायला जात ते आपल्याच मुलखातल्या बाईच्या खानावळीत. कोकणातल्याला सुक्या मासळीचं कालवण, घाटावरच्याला भाकरी नि झणझणीत रस्सा. पैसे पगार झाल्यावर. जेवताजेवता गावाकडची खबरबातही कळे. या खानावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळावं, सावकाराच्या तावडीतून त्या सुटाव्यात, म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. म्हणजे इतरांची भूक भागवता भागवता या बायकांनीही शहरात पाय रोवले.

कोणी म्हणेल, आपलीच चव धरून बसलं तर नवं शहर कळणार कसं? शंका रास्त आहे. आपल्याच गोतावळ्यात उभा जन्म काढणारे असतातच. पण चव कुंपणात राहत नाही. माटुंग्याच्या उडुपी खानावळी मुळात दक्षिणेकडून आलेल्यांसाठी होत्या. आज तिथे रांगेत अख्खी मुंबई दिसते. पोट शांत असलं की शेजाऱ्याच्या डब्यात डोकवायची इच्छाही होते, उपाशी आणि वैतागलेल्या माणसाला ती कुठून होणार! तेव्हा तुमच्या इमारतीत नवं बिऱ्हाड आलं असेल, तर पिठाची गिरणी कुठे आहे आणि ताजी भाजी कुठे मिळते, एवढं त्यांना आजच सांगा.